चाबूक कुणावर?

हडळीला ‘बॉस’ करू नका. म्हणणं एवढंच आहे, पण ते मांडताना दर वेळी चहा गार होईपर्यंत भांडावं लागतं, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

बेंगळुरूत व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांची आणि बनवू पाहणाऱ्यांची कमी नाही. त्यांच्यात बसलं की तासाभरात कुणीतरी ‘कॅसलव्हेनिया’वर येतं. कोनामी या जपानी कंपनीचा हा खेळ १९८६ सालचा. दर शंभर वर्षांनी ड्राक्युला उठतो, त्याचा किल्ला पुन्हा उभा राहतो आणि बेलमाँट घराण्याचा कुणी वारस पिढीजात चाबूक घेऊन आत शिरतो. आम्ही तो टीव्हीला जोडायच्या नकली डब्यावर, पिवळ्या कॅसेटवर खेळलो. चाबकानं मेणबत्त्या फोडायच्या, भिंत फोडली की आत भाजलेलं मांस, ते खाल्लं की जीव भरायचा. (भुताच्या वाड्यातलं काही खाऊ नये, हे आजीनं शिकवलेलं तेव्हा कुणाला आठवतंय!)

खेळ नव्यानं मांडायचा प्रयत्न एकदा झालेला आहे. २०१० साली स्पेनच्या मर्क्युरीस्टीमनं जुना इतिहास बाजूला सारून ‘लॉर्ड्स ऑफ शॅडो’ काढला आणि २०१४च्या दुसऱ्या भागात ती कथा संपली. त्याच वर्षी इगाराशी कोनामीतून बाहेर पडले, चाहत्यांकडून वर्गणी गोळा केली आणि २०१९ साली ‘ब्लडस्टेन्ड’ या नावानं जवळपास जुनाच खेळ पुन्हा केला. तो मला आवडतो. पण त्यानं प्रश्न सुटत नाही.

आमच्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं: देशी करा. किल्ल्याच्या जागी वाडा, ड्राक्युलाच्या जागी वेताळ, पहिल्या मजल्यावर मुंजा, दुसऱ्यावर हडळ. एका मित्रानं नमुनाही करून दाखवला. उलट्या पावलांची, केस सोडलेली बाई पिंपळाखालून येते आणि तुम्ही तिला चाबकानं फोडता. बारा फटक्यांत मरते. टाळ्या पडल्या.

वेताळाचं आधी. रिचर्ड बर्टननं १८७० साली वेताळपंचविशी इंग्रजीत आणताना तिला ‘विक्रम अँड द व्हँपायर’ असं नाव दिलं, आणि ती चूक आपण अजून डोक्यावर घेऊन फिरतो. वेताळ रक्त पीत नाही, तो न्यायाचे प्रश्न विचारतो. आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या चामडी वहाणा वाहतात, कारण रात्री गावाची राखण करत फिरून त्याच्या झिजतात. या राखणदाराला शेवटच्या मजल्यावर बसवून मारायचं?

आता हडळ. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, असं आपल्याकडे मानत. माझ्या पणजीची धाकटी जाऊ तशी गेली. तिला नेताना वाटेवर राळे टाकले, उंबऱ्यात खिळा ठोकला. सगळे दाणे वेचल्याशिवाय तिला परत येता येऊ नये म्हणून. पूर्व युरोपातही व्हँपायरच्या वाटेवर असंच बी टाकत, हे मला पुढे कळलं, आणि क्षणभर गंमत वाटली. पण तिकडच्या कथेतला जो व्हँपायर जगभर गाजला तो काउंट आहे, गढीचा मालक. आमची मात्र विशीतली, वेळेवर सुईण न मिळालेली बाई. दोघांना एका माळेत ओवणारा माणूस भुतांविषयी कितीही वाचो, त्याला गाव कळलेलं नाही.

“अगं, गेम आहे तो!” हे उत्तर मला पाठ आहे. महाराष्ट्रानं २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडानं बांधणं, काठीनं किंवा चाबकानं मारणं हे येतं. चाबकानं! आपल्या खेळाडूच्या हातात आपण नेमकं तेच देतो आहोत आणि समोर नेमकी तीच बाई उभी करतो आहोत. गंमत अशी की मूळ मालिकेला हे आपल्याहून बरं कळलेलं आहे. १९९७च्या ‘सिंफनी ऑफ द नाइट’मध्ये ड्राक्युलाची बायको लिसा लोकांना औषधं देते म्हणून चेटकीण ठरवून मारली जाते. पुढे एक राक्षसीण तिचं रूप घेऊन येते, आणि मुलगा अलुकार्ड ती आपली आई नव्हे हे ओळखतो. बाईला भूत ठरवण्यातलं पाप त्या जपानी लेखकांनी ओळखलं होतं.

मग करायचं काय? मी १९९९ सालचा भाग करीन. ‘आरिया ऑफ सॉरो’ या २००३च्या खेळात नुसतं सांगितलं आहे की १९९९ साली ज्युलियस बेलमाँटनं ड्राक्युलाला कायमचा संपवला आणि किल्ला सूर्यग्रहणात कोंडला गेला. चाहते ती लढाई वर्षानुवर्षं मागताहेत. खेळातलं ग्रहण जपानातलं. पण त्या वर्षीच्या ११ ऑगस्टला खरोखर खग्रास ग्रहण होतं. त्याचा मध्य रुमानियात, व्लादच्या जुन्या वालाकियात, आणि तीच सावली तुर्कस्तान, इराण, कराची, गुजरात करत संध्याकाळी बंगालच्या उपसागरात मावळली. याहून सोयीची वाट कुठल्या पटकथालेखकाला सुचली असती? बेंगळुरू तेव्हा वायटूकेच्या दुरुस्त्यांत जागं होतं. इथला किल्ला बुजवलेल्या तळ्यावर उठेल. मॅजेस्टिकचा बसस्टँड धर्मांबुधी तळ्यावर आहे, कंठीरवा स्टेडियम संपंगी तळ्यावर, तेव्हा जागा शोधायला नको. मालक वर राहील, आणि खालच्या वस्त्यांचं पाणी पिईल. चाबूक त्याच्यासाठी.

आणि तो बेलमाँटांच्या रक्तावर चालणार नाही. वारसाहक्कानं मिळणाऱ्या शौर्याचं आपल्याकडे आधीच पुष्कळ पीक आहे. टँकरमागे घागर घेऊन धावणाऱ्या पोरीच्या हातात द्या.

राहिली दारं. नव्वदच्या दशकात या शहरात घराघरांच्या दारांवर, भिंतींवर ‘नाळे बा’ लिहिलेलं असे, म्हणजे ‘उद्या ये’. रात्री एक बाई ओळखीच्या आवाजात हाक मारून दार ठोठावते, उघडलं की माणूस गेला, अशी आवई होती. लिहिलेलं वाचून ती परत जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचायची. (हिंदीतल्या ‘स्त्री’नं २०१८ साली हीच युक्ती चंदेरीत नेली.) मला तिच्यात दुष्टपणा दिसत नाही, सभ्यपणा दिसतो. नाही म्हटलं तर ती परत जाते. ‘कॅसलव्हेनिया’त खेळाडू एकही दार विचारून उघडत नाही.

माझ्या खेळात वस्तीतल्या दारांवर खडूनं ते दोन शब्द असतील. चाबूक हातात असला तरी खेळाडूला थांबून ते वाचावे लागतील, आणि आतल्यांनी कडी काढेपर्यंत बाहेर उभं राहावं लागेल.