अदृश्य दाराची कडी

चेन्नईतील मैलापूर, तिरुवल्लिकेणी या भागांतील जुन्या घरांच्या विटा-चुन्याच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देतात. परंतु वाय-फायच्या लहरी त्या ओलांडताना क्षीण होतात. अशा घरी एक्स्टेंडर उपयोगी पडतो. मात्र तो लहरी न पोहोचणाऱ्या खोलीत ठेवू नये. राउटर आणि ती खोली यांच्या मध्ये, लहरी सशक्त असतील तेथे ठेवावा. जे त्यालाच मिळत नाही, ते तो पुढे काय देणार?

पण वाचकहो, वाढलेल्या लहरी शेजारघरीही शिरतात. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांपूर्वी धाडलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वाय-फायमधून गेला होता. तपासाचा ससेमिरा प्रथम तेथील निरपराध रहिवाशामागे लागला.

म्हणून यंत्राचा मूळचा परवलीचा शब्द आधी बदलावा. 'डब्ल्यूपीए-२' किंवा शक्य तर 'डब्ल्यूपीए-३' हे संरक्षण निवडावे. जोडणी झाल्यावर 'डब्ल्यूपीएस' बंद करावे आणि उत्पादकाने दिलेल्या सुधारणा वेळोवेळी घ्याव्यात. रात्री दाराला कडी घातल्यावाचून आपण निजत नाही. या न दिसणाऱ्या दारालाही ती असावी.