शून्य मतांचं गाव

मी गणिताचा मास्तर. आयुष्य जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत गेलं, आणि निवडणुका आल्या की शाळेचा फळा सोडून मतदान केंद्रावर. आधी मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष. रात्री शाळेच्या ओट्यावर सतरंजी टाकून झोपणं, पहाटे उठून एजंटांसमोर मशीनवर निदान पन्नास मतांचं अभिरूप मतदान घेणं, ते पुसून मशीन सील करणं, हे सगळं इतक्या वेळा केलंय की झोपेत सांगेन. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की मास्तर, तुम्हाला तरी कळायला हवं होतं. हो, हवं होतं.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं आणि २३ ला निकाल. जळगाव जिल्ह्यातल्या अकराच्या अकरा आणि धुळे जिल्ह्यातल्या पाचच्या पाच जागा महायुतीला गेल्या. मला तो निकाल आवडला नव्हता, हे लपवत नाही. त्यानंतर चार दिवसांत एक व्हिडिओ आला. धुळे ग्रामीणमधलं अवधान गाव. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाणाऱ्यांना हे नाव एमआयडीसीमुळे माहीत असतं. तर त्या गावात काँग्रेसच्या कुणाल पाटलांना म्हणे शून्य मतं पडली. चूडामण पाटलांचा नातू, रोहिदास पाटलांचा मुलगा, दहा वर्षं तिथला आमदार, वडील दोन महिन्यांपूर्वीच गेलेले... आणि धुळ्याला खेटून असलेल्या गावात शून्य? मी मिनिटभरही थांबलो नाही. घरच्या ग्रुपवर ढकलला आणि वर आमचं गणित: "एवढ्या मोठ्या गावात शून्य येण्याची संभाव्यता काढून बघा!"

(पूर्वी ही ढकलपत्रं ई-मेलने यायची, तेव्हा निदान संगणक सुरू होईपर्यंत विचार करायला वेळ मिळायचा. असो.)

धुळ्याच्या भाच्याचा दहा मिनिटांत फोन. "मामा, हाई खोटं शे." त्याने राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांचा खुलासा पाठवला. अवधानात मतदान केंद्रं चार, क्रमांक २४७ ते २५०. कुणाल पाटलांना पडलेली मतं अनुक्रमे २२७, २३४, २५२ आणि ३४४. मी कागदावर बेरीज केली, जणू बेरजेतच काही चूक निघेल. १,०५७.

आता खरी लाजेची गोष्ट. ग्रुपवर दुरुस्ती टाकायला मला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगत होतो, आयोग तर काय, म्हणणारच. पण तो आकडा आयोगाने तोंडाने सांगितलेला नव्हता. मतमोजणीच्या टेबलापलीकडे जाळीमागे उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असतात. प्रत्येक मशीनचा आकडा त्यांना दाखवला जातो, ते तो वहीत उतरवतात. मग केंद्रनिहाय सगळी मतं फॉर्म २० मध्ये जातात आणि तो फॉर्म कुणालाही बघता येतो. खुद्द कुणाल पाटलांच्या माणसांच्या वह्यांत तो आकडा असणार. शून्य असतं तर तिथेच बोंब झाली असती, चार दिवसांनी व्हिडिओतून नव्हे.

आणि गंमत अशी की त्याच वर्षी जूनमध्ये मीच माझ्या साडूंना आकडे कसे वाचावेत यावर भलंमोठं भाषण दिलं होतं.

लोकसभेला धुळ्यात डॉ. सुभाष भामरे ३,८३१ मतांनी हरले. शोभा बच्छाव यांना ५,८३,८६६ आणि भामरेंना ५,८०,०३५. सहा विधानसभा क्षेत्रांपैकी पाचांत मिळून भामरे सुमारे १ लाख ९० हजारांनी पुढे होते. सहावं मालेगाव मध्य. तिथे बच्छाव १,९८,८६९ आणि भामरे ४,५४२. हा तक्ता साडूंनी ग्रुपवर टाकला, खाली लाल अक्षरात की पाच ठिकाणी जिंकून एका ठिकाणी हरवलं, हा कट आहे. देवेंद्र फडणवीसांनी पुढे सभांमधून धुळ्याचं उदाहरण देऊन 'व्होट जिहाद' असा शब्दच रूढ केला. मी तेव्हा शांतपणे समजावलं होतं की भाऊसाहेब, लोकसभेला सहा सामने नसतात, एकच असतो. शिंदखेड्याचं मत आणि मालेगावचं मत एकाच वजनाचं. एखाद्या गावाने, जातीने, मोहल्ल्याने एकगठ्ठा मत देणं तुम्हाला आवडो न आवडो, पण तो घोटाळा नाही. आपल्या नात्यागोत्यातली गावं काय वेगळं करतात?

त्याचा पुढचा अध्याय तर कुणी वाचलाच नाही. त्याच मालेगाव मध्यने सहा महिन्यांनी विधानसभेला मतदान केलं. मुफ्ती इस्माईल १,०९,६५३ आणि आसिफ शेख १,०९,४९१. फरक १६२ मतांचा. एका हुकमावर चालणारा म्हणून ज्या मतदाराला हिणवलं, तो अगदी मधोमध फाटला.

म्हणजे जूनमध्ये मला आकडे वाचता येत होते आणि नोव्हेंबरात येईनासे झाले. मधे माझं गणित बिघडलं नव्हतं. जूनमध्ये मी जिंकलो होतो, एवढंच.

त्या दोन दिवसांत मी आणखी एक आकडा तपासला. तोही फार फिरत होता. राज्यात मतदान झालं ६,४०,८८,१९५ आणि मोजली गेली ६,४५,९२,५०८. म्हणजे ५,०४,३१३ मतं जास्त, ती आली कुठून? ऐकायला भयंकर. पण पहिला आकडा फक्त मशीनवरच्या मतदानाचा. टपाली मतं त्यात नाहीत, ती ५,३८,२२५. मिळवून पाहा, ६,४६,२६,४२० होतात. मोजलेली मतं उलट ३३,९१२ नी कमीच भरतात. कमी का? पहाटेचं अभिरूप मतदान पुसायचं राहून गेलं, तर ते मशीन बाजूला ठेवतात आणि निकालावर परिणाम होणार नसेल तर मोजत नाहीत. पुसायला विसरणारे केंद्राध्यक्ष असतात हो. रात्रभर डासांनी जागवलेलं असतं.

जरा बाहेरचं एक उदाहरण देतो, गणिताचं आहे म्हणून मोह आवरत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत बायडेन जिंकल्यावर बेनफर्डच्या नियमाची लाट आली होती. अनेक नैसर्गिक आकडेवारींत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के असतं आणि पुढच्या अंकांचं कमी कमी होत जातं. शिकागोसारख्या शहरांत बायडेन यांच्या केंद्रनिहाय मतांत ते तसं दिसलं नाही, म्हणून मतं बनावट! पण हा नियम दहा, शंभर, हजार, लाख असा पसारा असलेल्या आकड्यांना लागतो. मतदान केंद्रं साधारण एका मापाची बांधलेली असतात. अवधानचेच आकडे घ्या, २२७, २३४, २५२, ३४४. एकही १ ने सुरू होत नाही. बेनफर्डला विचारलं तर ही खरी मतंसुद्धा खोटी ठरतील.

आकड्यांतून चोरी कधीच कळत नाही असं मात्र नाही. रशियात सर्गेई श्पिलकिन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने मतदानाच्या टक्केवारीचे आलेख काढले. ७५, ८०, ८५ अशा गुळगुळीत टक्क्यांवर केंद्रांची गर्दी दिसली. माणसं रांगेत उभं राहताना टक्केवारी बघत नाहीत. ती बघतो तो वरिष्ठांना आकडा कळवणारा अधिकारी. इथे नुसतं 'विचित्र आहे' म्हणून भागवलेलं नाही. चोरी कशी झाली असेल आणि तशी झाली तर आकड्यांवर कुठला डाग पडेल, हे आधी सांगितलं आणि मग डाग शोधला.

आपल्याकडे असा डाग शोधायची जागा कुठली? तर सतरा-सी. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष या फॉर्मवर लिहितो की मशीनवर एकूण किती मतं नोंदली गेली आणि हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला सही करून त्याची प्रत देतो. एकदा माझ्या केंद्रावर नोंदवहीत मशीनपेक्षा एक नाव जास्त निघालं. एक आजीबाई शाई लावून, अंगठा देऊन, मत न देताच नातीचं बोट धरून घरी गेल्या होत्या. त्या एका मतासाठी मी किती कागद काळे केले असतील! पण ते खुलाशासकट कागदावर आलं. संध्याकाळी प्रती द्यायला एजंटांना हाका मारल्या तर सहांपैकी दोघे जागेवर होते. बाकीच्यांना शेवटची एसटी गाठायची होती.

संध्याकाळी पाचचं ५८.२२ टक्के मतदान शेवटी ६६.०५ टक्के कसं झालं, हा प्रश्न मला तेव्हाही रास्त वाटला आणि आजही वाटतो. पाचचा आकडा केंद्रांवरून तोंडी कळवलेला असतो, हे मी स्वतः कळवत आलोय. आपण दारातल्या रांगेकडे बघत फोनवर "साडेपाचशे लिहा" म्हणतो. सहा वाजता रांगेत असलेल्या सगळ्यांना चिठ्ठ्या वाटून मत देऊ द्यावं लागतं, हेही खरं. आयोगाने २४ डिसेंबरच्या उत्तरात साधारण असंच सांगितलं. पण लाखभर केंद्रांची सतरा-सी संकेतस्थळावर टाकली तर हा वाद तासाभरात मिटेल की नाही? फॉर्म २० मधली त्या केंद्राची बेरीज आणि सतरा-सीचा आकडा शेजारी ठेवायचे, बस. दहावीचा पोरगा करील. लोकसभेच्या वेळी हीच मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा आयोगाने विरोध केला. म्हणे छायाचित्रांत फेरफार होतील. मे २०२४ मध्ये न्यायालयानेही अंतरिम आदेश दिला नाही. डिसेंबरात तर नियम ९३ बदलून सीसीटीव्ही चित्रीकरणासारख्या गोष्टी लोकांना बघायला मिळण्याची वाटच अरुंद केली. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी स्वतःच्या खर्चाने कागदी मतपत्रिकांवर मतदान घेऊन बघायचं ठरवलं, तर तिथे जमावबंदी. ज्याच्याकडे लपवायला काही नाही त्याने असं दार का लावावं, हे मला समजत नाही. दर मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या, राज्यभर १,४४० यंत्रं, एकातही तफावत नाही, असं आयोग सांगतो. चांगलं आहे. मग बाकीचं दाखवायला संकोच कसला?

आणि इथेच मला माझ्या ढकलपत्राचा खरा त्रास होतो. सतरा-सी मागणाऱ्याला आता एवढंच ऐकवलं जातं की "तुम्हीच ना ते अवधानवाले?" एक खोटं शून्य आणि त्याच्या आडोशाला दहा खरे प्रश्न गेले. मतदार यादीचे प्रश्न तर फॉर्म २० मध्ये मुळी दिसतच नाहीत. मत देणारा खरा की घुसडलेला, हे मशीनला कुठून कळणार? चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात नोंदणीसाठीच्या बोगस ऑनलाइन अर्जांवरून ऑक्टोबर २०२४ मध्येच, म्हणजे मतदानाच्या आधी, गुन्हा नोंदवला गेला. ते कुणी मतांच्या बेरजेतून शोधलं नव्हतं, अर्ज तपासून शोधलं होतं.

धुळे ग्रामीणमध्ये भाजपचे राघवेंद्र पाटील ६६,३२० मतांनी आले. तेवढ्या मतांचा हिशेब एका गावाच्या व्हिडिओतून लागणार नव्हता, हे लिहूनच मी शेवटी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. चारही केंद्रांचे आकडे, बेरीज आणि "माझी चूक झाली" असं सगळं. साडूंनी अंगठा दाखवला. ज्यांना माझा पहिला निरोप फार आवडला होता, त्या मेहुण्यांनी काहीच लिहिलं नाही. पुढे भाच्याकडून कळलं की ते म्हणत होते, दाजीसुद्धा विकले गेले. महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. संक्रांतीला बायकोने मधे पडून तिळगूळ द्यायला लावला.

१ जुलै २०२५ ला कुणाल पाटील भाजपमध्ये गेले. त्या संध्याकाळी ग्रुपवर साडूंचा निरोप आला, "मास्तर, आता ती १,०५७ मतं कुणाच्या खात्यात लिहायची?" पहिल्यांदा हसले ते मेहुणेच.