सँडविच अटॅक: तुमचा स्वॅप बॉट आधी वाचतो, मग करायचं काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये मॅनहॅटनच्या कोर्टात एक खटला निकालाविनाच थांबला. अँटन आणि जेम्स पेरेअर-बुएनो हे दोघे भाऊ एमआयटीत शिकलेले. आरोप असा की एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी इथेरियमवर सुमारे १२ सेकंदांत अडीच कोटी डॉलर उडवले. ज्युरीचं एकमत होईना, म्हणून न्यायाधीशांनी मिसट्रायल जाहीर केला.

मला यात भावांपेक्षा 'पीडित' जास्त विचित्र वाटले. पैसे गेले ते सँडविच बॉट चालवणाऱ्यांचे. म्हणजे जे बॉट एरवी साध्या लोकांच्या स्वॅपमधून मलई काढतात, त्यांनाच आमिष दाखवून लुटलं, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. आणि त्या बॉटनी आधी ज्यांना कापलं होतं, त्यांच्या बाजूने त्या कोर्टात कोणीच उभं नव्हतं.

कापतात कसं, ते आकड्यांत बघू. तुम्ही युनिस्वॅपसारख्या ठिकाणी 'स्वॅप' दाबता तेव्हा व्यवहार लगेच पूर्ण होत नाही. तो आधी मेमपूलमध्ये, म्हणजे उघड्या वेटिंग रूममध्ये जाऊन बसतो. इथेरियमवर दर १२ सेकंदांनी ब्लॉकची पाळी येते, तोवर कोणीही तो वाचू शकतो.

समजा पूलमध्ये १०,००० टोकन आणि १० लाख रुपये आहेत, म्हणजे भाव १०० रुपये. तुम्ही १०,००० रुपयांची खरेदी टाकली, तर साधारण ९९ टोकन मिळायला हवेत. बॉटने ते वाचलं आणि जास्त फी देऊन तुमच्या पुढे २०,००० रुपयांची खरेदी घुसवली. भाव चढला. आता तुम्हाला मिळतात फक्त ९५ टोकन, आणि तुमच्या खरेदीने भाव आणखी वर जातो. लगेच तुमच्या मागून बॉट आपले टोकन विकतो आणि सुमारे ३९० रुपये खिशात घालतो (पूलची फी आणि गॅस इथे सोडून दिलेत). पाव, मध्ये तुम्ही, वर पाव.

शेअर बाजारात मोठी ऑर्डर आधी कळवून घेऊन पुढे उडी मारली की त्याला फ्रंट-रनिंग म्हणतात आणि सेबी मागे लागते. जानेवारी २०२५ मध्ये केतन पारेख प्रकरणात सेबीने अंतरिम आदेश काढून ६५.७७ कोटी रुपये जप्त करायला सांगितलं, ते याच आरोपावर. पण तिथे माहिती गुपचूप फुटलेली असते. मेमपूल तर सगळ्यांसाठी उघडाच आहे. चोरी म्हणायची तर कुलूप कुठे होतं, हा प्रश्न येतो. माझ्या मते म्हणूनच कायद्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

हातात काय आहे? पहिलं म्हणजे स्लिपेज. वॉलेटच्या सेटिंगमध्ये हा आकडा असतो आणि बहुतेक जण तिकडे बघतही नाहीत. ठरलेल्यापेक्षा किती टक्के कमी मिळालं तरी चालेल, एवढाच त्याचा अर्थ. वरच्या उदाहरणात तुम्ही ५ टक्के ठेवले असतील, तरच बॉटचं जमतं. अर्धा टक्का ठेवला असता तर भाव बिघडल्याबरोबर तुमचा स्वॅप रद्द झाला असता आणि बॉट उगाच टोकन घेऊन बसला असता. बाजारात 'जास्तीत जास्त इतके देईन' असं ओरडून सांगितलं तर भाव तिथेच जाणार ना! 'व्यवहार फेल होतोय, स्लिपेज १५ करा' असा सल्ला मीम कॉइनच्या ग्रुपमध्ये सर्रास मिळतो. तो मी तरी कधी ऐकत नाही.

स्लिपेजला मर्यादाच नसली तर काय होतं, ते १२ मार्च २०२५ ला दिसलं. एका ट्रेडरने युनिस्वॅपवर सुमारे २,२०,००० डॉलरचे यूएसडीसी देऊन यूएसडीटी मागितले. दोन्ही डॉलरला बांधलेले, भावात फरक पैशांचा. हातात आले सुमारे ५,२०० डॉलर. बॉटने त्या कमाईतले २ लाख डॉलर ब्लॉक बिल्डरला टीप म्हणून दिले, तेही फक्त आपला नंबर हवा तिथे लागावा म्हणून. (हा पैसा धुण्याचा प्रकार असावा, अशी शंकाही तेव्हा काहींनी घेतली. असेलही. सेटिंग मात्र खरंच तसं होतं.)

दुसरा उपाय म्हणजे वेटिंग रूममध्ये जायचंच नाही. फ्लॅशबॉट्स प्रोटेक्ट किंवा एमईव्ही ब्लॉकर वॉलेटला जोडलं की व्यवहार सार्वजनिक मेमपूल टाळून थेट ब्लॉक बनवणाऱ्यांकडे जातो. काऊ स्वॅप वेगळं करतं, अनेकांच्या ऑर्डर एकत्र करून एकाच भावाने मिटवतं, त्यामुळे पुढे-मागे घुसायला फारशी जागा उरत नाही. मेटामास्क आणि युनिस्वॅपच्या वॉलेटमध्येही असं संरक्षण आलंय, चालू आहे का ते बघून घ्या. जोडणीचा पत्ता मात्र त्या सेवेच्या अधिकृत पानावरूनच घ्या. टेलिग्रामवर कोणी पाठवलेला पत्ता टाकणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली.

यातही भरवसा लागतोच. तुमचा व्यवहार सगळ्यांपासून लपतो, पण ब्लॉक बनवणाऱ्याला दिसतो. सोलानाचंच बघा. तिथे इथेरियमसारखा सार्वजनिक मेमपूल नाही. जिटोने आपला मेमपूल सँडविचमुळेच मार्च २०२४ मध्ये बंद केला. तरी काही व्हॅलिडेटर खासगी मेमपूल चालवून तेच करत राहिले, आणि त्या जूनमध्ये सोलाना फाउंडेशनने अशांना आपल्या डेलिगेशन प्रोग्रॅममधून काढलं. म्हणून खासगी रस्ता वापरला तरी स्लिपेज कमीच ठेवायचं.

भारतीय एक्स्चेंजच्या ॲपवर रुपये देऊन कॉइन घेणाऱ्यांना हा त्रास नाही. तिथला व्यवहार कंपनीच्या आतल्या ऑर्डर बुकात होतो, मेमपूलपर्यंत जातच नाही. कॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून तुम्ही पहिला स्वॅप करायला जाता, तिथून हा खेळ सुरू होतो. पहिल्यांदा करताना शंभर-दोनशे रुपयांचाच करा, आणि दाखवलेले टोकन आणि मिळालेले टोकन शेजारी ठेवून मोजा.