सूर्याचे वीजबिल

१३ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने वॉशिंग्टनमध्ये पत्रकार परिषद घेतली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत सूर्य उगवला. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत सूर्य निर्माण केला, आता जगाला अमर्याद, स्वच्छ आणि जवळजवळ फुकट ऊर्जा मिळणार, अशा थाटाच्या त्या बातम्या होत्या. काही ठिकाणी तर संमीलन आणि विखंडन या दोन शब्दांची सरमिसळ झालेली. म्हणजे अणू जोडून ऊर्जा मिळाली की फोडून, हेच वाचकाला कळू नये! 'प्लाझ्मा' या शब्दाचेही तेच. कोविडच्या काळात रक्तातला प्लाझ्मा घरोघरी पोचला होता, त्यामुळे हा तापलेल्या, विद्युतभारित वायूचा प्लाझ्मा वेगळा, हे सांगायला कोणालाच सवड नव्हती.

असो. मूळ प्रयोग मात्र खरोखरच अपूर्व होता. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत 'नॅशनल इग्निशन फॅसिलिटी' नावाची एक अवाढव्य इमारत आहे. तिच्यात १९२ लेसर झोत आहेत. ५ डिसेंबर २०२२ च्या पहाटे हे सगळे झोत बोटाच्या पेराएवढ्या एका पोकळ नळकांड्यात सोडण्यात आले. नळकांड्याच्या आतल्या भिंतींवर ते आदळले, त्यातून क्ष-किरण निघाले आणि त्या किरणांनी मध्ये ठेवलेली मिरीच्या दाण्याएवढी गोळी चारही बाजूंनी चेपली. गोळीचे कवच हिऱ्याचे आणि आत हायड्रोजनचे दोन जड भाऊ, ड्यूटेरियम आणि ट्रिशियम. सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात ते एकमेकांत मिसळले, हेलियम झाला आणि ऊर्जा सुटली. जेवढी लेसर-ऊर्जा नळकांड्यात गेली तिच्याहून अधिक ऊर्जा संमीलनातून बाहेर आली. प्रयोगशाळेत हे पहिल्यांदाच घडले. सत्तरच्या दशकापासून लोक यासाठी झटत होते. २००९ मध्ये ही इमारत तयार झाली, २०१२ पर्यंत यश मिळेल असे सांगितले गेले, ते हुकले, टीका झाली, तरी माणसे चिकटून राहिली. त्या चिकाटीला मनापासून नमस्कार.

पण आता आकडे घेऊ. वर्तमानपत्रांनी ते मेगाजूलमध्ये छापले आणि मेगाजूल म्हणजे काय हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक. युनिट मात्र आपल्याला कळते. वीज खात्याचे बिल आले की पहिली नजर तिकडेच जाते. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाजूल. या हिशेबाने बघा. लेसरने नळकांड्यात घातलेली ऊर्जा २.०५ मेगाजूल, म्हणजे अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त. संमीलनातून निघालेली ३.१५ मेगाजूल, म्हणजे पाऊण युनिटाच्या थोडी वर. एक युनिटसुद्धा पुरे नाही! या उष्णतेत फार तर दहा लिटर पाणी उकळते. एका माणसाच्या आंघोळीचे पाणी.

आणि तो लेसर पेटवायला भिंतीतल्या तारांतून किती वीज घेतली? सुमारे ३०० मेगाजूल. त्र्याऐंशी युनिट. खर्ची त्र्याऐंशी, जमा पाऊण! तरी मथळा काय, तर घातल्यापेक्षा जास्त मिळाले. हे खोटे नाही. फक्त हिशेब कुठल्या ओळीपासून सुरू करायचा, यात सारी मेख आहे. नळकांड्याच्या तोंडाशी मोजले तर नफा, मीटरपाशी मोजले तर दिवाळे. आपल्या घरचा मीटर असा सोयीच्या जागी बसवायची मुभा कोणी दिली असती तर!

शास्त्रज्ञांवर इथे अन्याय होता कामा नये. हा फरक त्यांनी लपवलेला नव्हता, त्याच पत्रकार परिषदेत तो सांगितला गेला. हे लेसर जुन्या तंत्राचे आहेत, वीज वाया जाणार हे गृहीतच होते. आज याहून कितीतरी काटकसरी लेसर बनवता येतात. शिवाय त्यानंतर प्रगतीही झाली. जुलै २०२३ मध्ये ३.८८ मेगाजूल निघाले, एप्रिल २०२५ मध्ये ८.६. म्हणजे जवळजवळ अडीच युनिट. चौपट नफा म्हणायला हरकत नाही, नळकांड्याच्या तोंडाशी. पण या पद्धतीचे वीज केंद्र उभारायचे तर असा स्फोट सेकंदाला दहाएक वेळा व्हायला हवा. म्हणजे दिवसाला आठ लाख चौसष्ट हजार गोळ्या, प्रत्येक हिऱ्याच्या कवचाची, प्रत्येक नेमक्या जागी आणि प्रत्येक स्वस्त. आज एकेक गोळी दागिना घडवावा तशी निगुतीने घडवावी लागते.

दुसरी एक गोष्ट बातम्यांत तळाशी गेली किंवा गेलीच नाही. ही इमारत मुळात वीज निर्माण करण्यासाठी बांधलेलीच नाही. १९९२ नंतर अमेरिकेने अण्वस्त्रांच्या प्रत्यक्ष चाचण्या थांबवल्या. मग साठ्यातले हायड्रोजन बॉम्ब अजून चालतील की नाही, हे कळायचे कसे? त्यासाठी बॉम्बच्या पोटातली स्थिती लहान प्रमाणात निर्माण करणारे यंत्र हवे होते. ते हे. पैसा येतो तोही अण्वस्त्रे सांभाळणाऱ्या खात्याकडून. 'स्वच्छ ऊर्जा' हा या झाडाचा फुलोरा आहे, मूळ नव्हे. मुळाचा विचार केल्याशिवाय फुलोरा डोक्यात माळायला मी तरी तयार नाही.

संमीलनाची आशा आपल्याला परकी नाही. १९५५ मध्ये जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापरावर जी पहिली मोठी परिषद भरली तिचे अध्यक्ष होमी भाभा होते. येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याची रीत सापडेल, असे भाकीत त्यांनी त्या व्यासपीठावरून केले. दोन दशके म्हणजे १९७५. भाभांसारख्या माणसाचा अंदाज चुकला याचा अर्थ त्यांना समजत नव्हते असा नाही. निसर्ग किती हट्टी आहे हे त्यावेळी कोणालाच पुरते उमगलेले नव्हते. पुढे प्रेधिमन काव यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था वाढवली. लेसरऐवजी चुंबकाच्या पिंजऱ्यात प्लाझ्मा कोंडणारे 'आदित्य' हे यंत्र तिथे १९८९ मध्ये सुरू झाले. फ्रान्समध्ये उभा राहत असलेल्या 'इटर' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात २००५ पासून भारत भागीदार आहे आणि त्याचे तीस मीटर उंचीचे बाहेरचे पोलादी पात्र हजीऱ्यात घडले. अभिमान वाटावा असेच हे काम. पण त्याच इटरचे २०२४ मध्ये सुधारलेले वेळापत्रक म्हणते की खऱ्या इंधनावरचे प्रयोग २०३९ मध्ये. आणि इटरही वीज बनवणार नाही, ती बनवता येईल की नाही एवढेच बघणार.

इंधन समुद्राच्या पाण्यातून मिळेल, असेही एक गोड वाक्य नेहमी ऐकू येते. गोव्याच्या माणसाला ते विशेष आवडावे, आपल्याकडे समुद्राला काय तोटा! यातले अर्धे खरे आहे. ड्यूटेरियम समुद्रात भरपूर आहे. ट्रिशियम मात्र नाही. ते किरणोत्सारी आहे, दर बारा वर्षांनी निम्मे उरते, म्हणून निसर्गात साठून राहत नाही. ते लिथियमपासून अणुभट्टीतच पिकवावे लागेल, आणि लागेल तेवढे पिकवून कोणी दाखवलेले नाही. आज जगाकडे जे थोडेफार आहे ते मुख्यतः जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून निघते. तशा भट्ट्या आपल्या सीमेपलीकडे कारवार जिल्ह्यात कैग्याला आहेत. ट्रिशियम हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी प्रथम ऐकला तोही कैग्यामुळेच. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियम असलेले जड पाणी मिसळले गेले आणि पन्नासाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या लघवीत ते आढळले. संमीलन म्हणजे कसलाही किरणोत्सार नाही, असे सांगणाऱ्याला ही गोष्ट सांगावी. विखंडनापेक्षा धोका खूपच कमी, हे निश्चित. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

कोणी विचारील, लिव्हरमोरच्या हिशेबाशी आम्हां गोवेकरांना काय करायचे आहे? करायचे आहे. आपण स्वतः फारशी वीज निर्माण करत नाही. आपले दिवे कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा दूरच्या औष्णिक केंद्रांच्या कोळशावर जळतात. राख त्यांच्या वाट्याला, उजेड आपल्या. आणखी वीज आणायची म्हणून तमनार प्रकल्पाची वाहिनी मोलेच्या जंगलातून नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा २०२० साली गोव्यातली तरुण मुले रस्त्यावर उतरली. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनेही एप्रिल २०२१ मध्ये सांगितले की नवा पट्टा तोडू नका, जुन्या वाहिनीच्या वाटेने जा. त्या वादात एक प्रश्न मात्र नीट विचारलाच गेला नाही: आपल्याला नेमकी किती वीज लागते, कोणाला लागते आणि ती कशी वापरली जाते?

हा प्रश्न टाळायला 'अमर्याद ऊर्जा' फार सोयीची पडते. विज्ञान काहीतरी काढील, मग कशाला मोजायचे? सोयरीक ठरण्याआधीच नातवाचे बारसे उरकण्यातला हा प्रकार. किनाऱ्यावरची हॉटेले, बाराही महिने गारठलेल्या कचेऱ्या, रात्रभर झगमगणारे जाहिरातींचे फलक यांचे बिल कोरब्याच्या गावांनी आणि मोलेच्या झाडांनी का भरावे? भविष्यातल्या सूर्याच्या नावावर आजची उधारी चालवणे मला मान्य नाही. संमीलनावर पैसा जरूर खर्च करावा. माझा विरोध आहे तो त्याची हुंडी आजच वटवण्याला.

उष्णतेचाच शोध असेल तर ती आपल्या पायांखालीही आहे, आणि तिने पहिला दिवा कधीच लावला आहे. इटलीत तोस्कानातल्या लार्देरेल्लो गावी पिएरो जिनोरी कोंती या सरदाराने १९०४ मध्ये जमिनीतून येणाऱ्या वाफेवर पाच बल्ब पेटवले. पाचच. पण ते खरोखरचे बल्ब होते. नऊ वर्षांत तिथे २५० किलोवॅटचे केंद्र उभे राहिले आणि त्या परिसरात आजही भूगर्भातल्या वाफेवर वीज बनते. लिव्हरमोरच्या प्रयोगाने अजून एकही बल्ब लावलेला नाही, कारण ती वीज बाहेर काढायची सोयच तिथे नाही. आपल्या देशात लडाखमधल्या पुगा खोऱ्यात अशी उष्णता आहे. तिथे एक मेगावॅटचे प्रायोगिक केंद्र उभारण्याचा करार तेलकंपनी ओएनजीसीने फेब्रुवारी २०२१ मध्ये केला. संकल्प लहान, पण मोजता येणारा.

आणि कोकणात? तिथे तर या गोष्टीला आपला अस्सल शब्दच आहे: उन्हाळे. राजापूरचे उन्हाळे, तुरळ, आरवली, उन्हवरे, वर थेट वज्रेश्वरी-गणेशपुरीपर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांची एक रांगच लागली आहे. तिथे ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपते, पोटातल्या उष्णतेने तापते आणि वर येते. उन्हवऱ्याला ते सत्तर अंशांच्या आसपास असते. एवढ्या उष्णतेवर मोठे वीज केंद्र चालणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मीही मथळेवाल्यांच्या रांगेत जाऊन बसेन. पण धो धो पावसात काजू, सोले, सुकी मासळी वाळवायला सत्तर अंश काही कमी नाहीत. सौर पेटी ज्या महिन्यांत झोपते त्याच महिन्यांत हे पाणी तापलेले असते. आपण तिथे कुंड बांधले, देऊळ उभारले, त्वचारोग बरे होतात असे म्हटले आणि त्या झऱ्याचा मान ठेवला. चांगलेच केले. त्याशेजारी एक वाळवणघर बांधले असते तर देवाने रागावण्याचे कारण नव्हते.

गंमत म्हणजे संमीलनाच्या संशोधनाची एक फांदी आता याच उष्णतेकडे वळली आहे. प्लाझ्मा तापवायला जायरोट्रॉन नावाचे यंत्र वापरतात. ते सूक्ष्मतरंगांचा अतिशय जोरकस झोत सोडते. अमेरिकेतल्या एमआयटीत पॉल वोस्कोव्ह यांना सुचले की हाच झोत खडकावर सोडला तर खडक वितळेल, त्याची वाफ होईल. पोलादी किंवा हिऱ्याचे छिद्रक खोल, तापलेल्या खडकात झिजते, दमते. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे जगातले सर्वांत खोल भोक १२,२६२ मीटरवर थांबले ते तिथल्या अनपेक्षित उष्णतेमुळेच. झोताला झिजायला टोकच नाही. ही कल्पना घेऊन २०१८ मध्ये क्वेझ नावाची कंपनी निघाली आणि २०२५ मध्ये तिने टेक्सासमध्ये ग्रॅनाइटच्या खडकात शंभर मीटर भोक पाडून दाखवले. तिचे उद्दिष्ट आहे वीस किलोमीटरपर्यंत जाण्याचे, जिथे जगात जवळजवळ कुठेही वीज केंद्राला पुरेल एवढी उष्णता मिळावी. शंभर मीटर म्हणजे त्याचा दोनशेवा भाग. पुढल्या वेळी ही कंपनी बातमीत आली की मी आधी मीटरचा आकडा शोधणार आहे, आणि त्या भोकातून वर आलेल्या उष्णतेवर किती बल्ब लागले, तेही.