कोलेस्टेरॉलची गोळी आणि फ्लूचा रुग्ण

पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीत रुग्णालयांचे वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरू लागतात. त्यात एक रुग्ण हमखास दिसतो. वय साठीच्या पुढे, मधुमेह व रक्तदाब जुना, काही वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. ताप, खोकला आणि धाप म्हणून तो दाखल होतो आणि तपासणीत इन्फ्लुएन्झा किंवा करोना निघतो. ऑक्सिजन लागतो, सलाइन लागते, इंजेक्शने सुरू होतात. नातेवाइकांच्या हातात घरच्या गोळ्यांची पिशवी असते. त्यातली रात्री घ्यायची कोलेस्टेरॉलची गोळी आता द्यायची की नाही, हा प्रश्न बऱ्याचदा कोणी विचारतही नाही. ‘एवढी औषधे चालू आहेत, त्यात ही कशाला’ असे म्हणून ती आपोआप बंद होते.

याच्या अगदी उलट प्रकारही घडतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांमुळे करोना व फ्लूचे मृत्यू कमी होतात, असे कुठेतरी वाचलेले कुटुंब ‘आमच्या बाबांनाही ती सुरू करा’ असा आग्रह धरते. गेल्या दीड दशकातील संशोधन पाहिले, तर पहिली सवय धोक्याची आणि दुसरा आग्रह निराधार असल्याचे दिसते. मात्र हा आग्रह जिथून आला, ती शंका खुळचट नव्हती.

या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. अटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन ही त्यांची प्रचलित नावे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७०च्या दशकात बुरशीपासून पहिले स्टॅटिन वेगळे केले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला ही औषधे अडवतात. पुढे त्यांचे आणखी काही गुण लक्षात आले. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची सूज त्या कमी करतात, दाह थोडा शमवतात, रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्तीही काहीशी घटवतात. गंभीर फ्लू किंवा करोनात रुग्ण दगावतो तो बहुधा शरीराच्या अनावर दाहामुळे, फुप्फुसे निकामी झाल्याने आणि गुठळ्यांमुळे. मग स्वस्त, तोंडाने घ्यायची आणि जगभर उपलब्ध असलेली ही गोळी इथे उपयोगी पडेल का, असे डॉक्टरांना वाटणे साहजिक होते.

सुरुवातीची आकडेवारीही उत्साह वाढवणारी होती. अमेरिकेतील १० राज्यांत २००७-०८ च्या हंगामात फ्लूने दाखल झालेल्या ३,०४३ प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतील सुमारे एक तृतीयांश रुग्ण स्टॅटिन घेत होते आणि त्यांच्यात मृत्यूची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली. २०२० मध्ये चीनच्या हुबेई प्रांतातील करोनाच्या १३,९८१ रुग्णांच्या नोंदींतूनही असेच चित्र पुढे आले. वय व आजार यांची जुळणी करून तुलना केल्यावर २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण स्टॅटिन घेणाऱ्यांत ५.२ टक्के, तर न घेणाऱ्यांत ९.४ टक्के होते. अशी बातमी आली की ती वाऱ्यासारखी पसरते.

पण या दोन्ही अभ्यासांत गोळी कोणाला द्यायची, हे संशोधकांनी ठरवलेले नव्हते. आधीच घडून गेलेल्या गोष्टींच्या त्या नोंदी होत्या. नियमित स्टॅटिन घेणारा माणूस सहसा डॉक्टरकडे वेळेवर जातो, साखर व रक्तदाब तपासून घेतो, लसही घेतो. तो वाचला, तर श्रेय गोळीचे की या सवयींचे? दुसरी मेख आणखी सूक्ष्म आहे. रुग्ण फारच अत्यवस्थ असेल, त्याला गिळता येत नसेल, यकृताच्या चाचण्या बिघडल्या असतील, तर डॉक्टर स्टॅटिन देतच नाहीत. शिवाय दाखल झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच मृत्यू झालेल्याला गोळी मिळण्याची संधीच नसते. म्हणजे ‘स्टॅटिन मिळाले’ या गटातून सर्वांत आजारी माणसे आधीच गळलेली असतात. आकड्यांची कितीही जुळणी केली, तरी हा फरक पूर्ण पुसता येत नाही.

तो पुसण्याचा खात्रीचा मार्ग एकच. सारख्याच आजारी रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करायची, एका गटाला गोळी द्यायची, दुसऱ्याला द्यायची नाही आणि काय होते ते पाहायचे. करोनाच्या आधीही हे झाले होते. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकेत जंतुसंसर्गामुळे फुप्फुसे निकामी होऊ लागलेल्या ७४५ रुग्णांवर रोसुव्हास्टॅटिनची, तर ब्रिटन व आयर्लंडमध्ये अशाच प्रकारे फुप्फुसे निकामी होत असलेल्या ५४० रुग्णांवर सिम्व्हास्टॅटिनची चाचणी झाली. दोन्हींत फायदा दिसला नाही.

करोनाकाळात प्रश्न नव्याने विचारला गेला. इराणमधील ११ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत ५८७ रुग्णांना अटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली. मृत्यू, गुठळ्या किंवा कृत्रिम फुप्फुसयंत्राची गरज यांपैकी काही घडण्याचे प्रमाण ३३ आणि ३६ टक्के होते. हा फरक योगायोगानेही येऊ शकतो एवढाच होता. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये सौम्य व मध्यम करोनाच्या सुमारे ९०० दाखल रुग्णांवर अटोर्व्हास्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि दोन्ही एकत्र यांची चाचणी झाली. आजार बळावण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे तिथेही आढळले नाही.

मग २०२३ मध्ये एक वेगळा सूर उमटला. १३ देशांतील १४१ रुग्णालयांत २,६८४ अत्यवस्थ करोना रुग्णांना घेऊन सिम्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅमची चाचणी झाली. श्वासयंत्र किंवा रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांच्या आधाराविना काढलेले दिवस स्टॅटिनच्या गटात अधिक होते. औषध उपयोगी असण्याची शक्यता ९५.९ टक्के निघाली. एवढे वाचून कोणीही ‘सिद्ध झाले’ म्हणेल. परंतु संशोधकांनी आधीच ठरवलेली पट्टी ९९ टक्क्यांची होती. ती गाठण्यापूर्वीच करोनाची लाट ओसरली, रुग्ण मिळेनासे झाले आणि चाचणी थांबली. दुसऱ्या बाजूला यकृताची विकरे आणि स्नायूंना इजा झाल्याचे दाखवणारे सीपीके वाढण्याच्या घटना सिम्व्हास्टॅटिनच्या गटात जास्त नोंदल्या गेल्या. या निष्कर्षाचा प्रामाणिक अर्थ एवढाच, की अतिगंभीर रुग्णांच्या एखाद्या गटाला फायदा होत असण्याची शक्यता उघडी आहे.

तो गट कोणता, याचाही शोध सुरू आहे. ब्रिटन-आयर्लंडमधील जुन्या चाचणीची २०१८ मध्ये फेरतपासणी झाली. तेव्हा ज्यांच्या रक्तात दाहाचे प्रमाण फार जास्त होते, त्यांच्यात सिम्व्हास्टॅटिन घेणारे अधिक वाचल्याचे दिसले. अमेरिकी चाचणीची तशीच तपासणी केल्यावर मात्र रोसुव्हास्टॅटिनचा असा फायदा दिसला नाही. म्हणून आज वॉर्डात फ्लू किंवा करोनाच्या रुग्णाला केवळ विषाणूसाठी नव्याने स्टॅटिन सुरू करण्याला आधार नाही. करोनाच्या अत्यवस्थ रुग्णांना वाचवणारे औषध कसे दिसते, हे डेक्सामेथासोनने दाखवून दिले आहे. ब्रिटनच्या २०२०च्या चाचणीत श्वासयंत्रावरील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्याने ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणले. तिथे आकड्यांची ओढाताण करावी लागली नाही.

आता पिशवीतल्या गोळीकडे परत येऊ. जो रुग्ण हृदयविकार, पक्षाघात किंवा मधुमेहासाठी आधीपासून स्टॅटिन घेतो आहे, त्याचा हिशेब वेगळा आहे. फ्लू हा फुप्फुसांपुरता राहत नाही. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सहापट आढळला. म्हणजे हृदयाला संरक्षणाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच आठवड्यात आपण त्याची गोळी काढून घेतो. स्पेनमध्ये २००७ च्या एका छोट्या चाचणीत, आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्या ८९ पक्षाघात रुग्णांपैकी काहींची गोळी फक्त तीन दिवस थांबवली होती. तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण याच रुग्णांत अधिक निघाले. ती चाचणी फ्लूच्या रुग्णांवरची नव्हती. तरीही अचानक थांबवणे निरुपद्रवी नसते, हे तिने दाखवले.

गोळी थांबवण्याची ठोस कारणेही आहेत. यकृताची विकरे अनेक पटींनी वाढली असतील, लघवी काळपट होऊन सीपीके खूप वाढले असेल किंवा दुसऱ्या औषधाशी तिचे पटत नसेल, तर ती थांबवावीच लागते. करोनासाठीचे निर्मॅट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक चालू असताना सिम्व्हास्टॅटिन देत नाहीत. अटोर्व्हास्टॅटिनबाबतही डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा ते काही दिवस थांबवतात. फ्लूसाठीच्या ऑसेल्टामिव्हिरशी मात्र स्टॅटिनचे भांडण नाही. अंगदुखी हे फ्लूचेच लक्षण असल्याने केवळ अंग दुखते म्हणून गोळीला दोष देणे बरोबर नाही. शंका आल्यास रक्ताची तपासणी करता येते.

खरी चूक बहुतेक वेळा घरी जाताना होते. कारणाने असो वा विसरून, वॉर्डात थांबलेली गोळी डिस्चार्ज कार्डावर लिहिलीच जात नाही. कार्डावर नाही म्हणजे डॉक्टरांनी बंद केली, असे कुटुंब समजते आणि वर्षानुवर्षे घेतलेली गोळी कायमची सुटते. त्यानंतर काही महिन्यांनी येणाऱ्या झटक्याचा संबंध कोणी त्या तापाशी जोडत नाही. अटोर्व्हास्टॅटिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रांतही मिळते. त्यामुळे इथे अडचण पैशांपेक्षा विसरण्याची आहे.

म्हणून दाखल होताना घरच्या सगळ्या गोळ्या किंवा त्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. कोणती चालू राहील, कोणती थांबेल आणि थांबलेली पुन्हा कधी सुरू करायची, हे विचारून घ्यावे. घरी जाताना डिस्चार्ज कार्ड जुन्या चिठ्ठीशी ताडून पाहावे. हृदयरुग्णांनी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. आणि रुग्णाला पूर्वी कधी स्टॅटिन लागले नसेल, तर फ्लू झाला म्हणून ते मागू नये.