मनोरुग्णांच्या सेवेतील नोकरी : आमच्या मुलांनी अर्ज का करू नये?

आमच्या भाचीने मानसशास्त्र घेऊन बी. ए. केले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील एका कंत्राटी जागेसाठी अर्ज करते म्हणाली, तेव्हा घरात पहिला विरोध आम्हीच केला. "मामू, काम फक्त नोंदी ठेवायचे आहे," ती म्हणाली. आम्ही विचारले, नोंदी कोणाच्या? वेड्यांच्याच ना? उद्या स्थळ आले तर त्यांना काय सांगायचे? जतसारख्या तालुक्याच्या गावात कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला बिरादरी काय म्हणेल हेच आधी सुचते, हे आम्ही कबूल करतो.

व्यापारी बंधूंना या खात्याची माहिती कमी असते, म्हणून थोडे सांगतो. देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. त्याच दशकात कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना शिकवून गावातच उपचार करून दाखविले. त्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हावार कार्यक्रम सुरू झाला. या पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका असतात, तशा रुग्णांच्या केसनोंदी ठेवणारा सहाय्यक आणि वॉर्ड सहाय्यक याही जागा योजनेत आहेत. नवख्या मुलामुलींनी शिरायचे दार हेच. मात्र बी. ए. झाल्याबरोबर कोणी तज्ज्ञाची पाटी लावू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ व मनोविकार समाजसेवक यांच्यासाठी एम. फिल. पर्यंतचे शिक्षण सांगितले आहे. जी. एन. एम. झालेल्या मुलीला परिचारिकेचा मार्ग मोकळा आहे.

डिग्रीवाल्यांशिवाय हे काम होतच नाही, असेही नाही. गोव्यात संगथ या संस्थेने आरोग्याचे काम पूर्वी कधी न केलेल्या स्थानिक स्त्रियांना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण दिले आणि सरकारी आरोग्य केंद्रांत उदासीनतेच्या व काळजीच्या रुग्णांशी बोलायला बसविले. डॉक्टर पाठीशी होतेच. रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढले. तो अभ्यास २०१० साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला.

पण आमचा विरोध मावळला तो हे वाचून नव्हे. १९८८ साली आमचे थोरले भाईजान बिघडले. रात्र रात्र झोप नाही, कोणी आपल्या अन्नात काही कालवते असा संशय. कोणाच्या तरी सांगण्यावरून अब्बांनी त्यांना एका ठिकाणी नेऊन ठेवले. ठिकाणाचे नाव लिहीत नाही. आम्ही दर महिन्याला खर्चाचे पैसे घेऊन जायचो. पायात साखळी होती, आणि कुलपाची चावी पंधरा वर्षांच्या एका पोराच्या कमरेला होती. पोर वाईट नव्हते. भाईजानांना कधी चोरून बिडी द्यायचे. पण फिट आली तर काय करावे, डॉक्टरला केव्हा बोलवावे, हे त्याला कोणी शिकविले नव्हते. सात महिन्यांनी भाईजानांना घरी आणले. पायाचा व्रण शेवटपर्यंत राहिला.

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळीने बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत, अठ्ठावीस जण गेले. त्या दिवशी आम्ही दुकान उघडले नाही. आता २०१७ च्या कायद्याने साखळीला साफ मनाई आहे. पण साखळी काढल्यावर त्या रुग्णाजवळ कोण बसणार? शिकलेली मुले अर्जच करणार नसतील तर पुन्हा ते पंधरा वर्षांचे पोरच ना?

आता हिशेबाचे बोलू. पगार फार नाही, कंत्राट बहुधा अकरा महिन्यांचे, पुढे वाढेलच याची हमी कोणी देत नाही. ज्याला कायम नोकरीच हवी त्याने हे धरून चालावे. पण आमच्या मुलांकडे एक भांडवल आहे, ते अर्जात लिहायला ती लाजतात. जतेत गिऱ्हाईक मराठी बोलते, कानडी बोलते, घरात आपली दखनी चालते. एखादी म्हातारी "जीव घाबरा होतो" म्हणते, दुसरी "दिल बैठ जाता" म्हणते. केसपेपरवर दोघींचे दुखणे नीट उतरवायला भाषा कळावी लागते. दुकानात वीस थाने उलगडायला लावून काहीच न घेता जाणाऱ्या बाईशी गोड बोलणे, उधारी थकलेल्या माणसाचे अर्धा तास ऐकून घेणे, हाही अनुभवच आहे. मुलाखतीत खुशाल सांगावा. मात्र "मला लोकांचे दुःख पाहवत नाही" एवढेच सांगू नये, दुःख पाहायचीच ही नोकरी आहे.

भाचीने आमच्याकडे अनुभवाचा दाखला मागितला. सुट्टीत तीन वर्षे तिने आमचा काउंटर सांभाळला आहे. आमचे शिक्षण उर्दूतून झालेले. दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलेल्या दाखल्यात तिने ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका काढल्या आणि पुन्हा लिहायला लावला. एका वाक्यावर तर ती अडूनच बसली. आम्ही लिहिले होते, "वेड्या माणसांशीही नीट वागेल." तिने ते खोडून "रुग्णांशी" केले. शिक्का मारून दाखला दिला आहे. बुधवारच्या सकाळच्या एस. टी. ने ती सांगलीला जाईल, सोबत आम्ही आहोत. दुकान त्या दिवशी धाकटा बघेल.