फायरवॉलच्या आडचे पंडित

एसक्यूएल सर्व्हरवर कोणते नेटवर्क प्रोटोकॉल चालू आहेत हे तपासणे म्हणजे ऑडिटरांचे पोट भरण्याचा उद्योग, असे एका ज्येष्ठ सल्लागारांचे मत परवा ऐकले. सर्व्हर फायरवॉलच्या आत आहे, पोर्टही नेहमीच्या १४३३ वरून हलवलाय, मग चालतंय त्याला हात कशाला लावा? हिंजवडीत या पंथाचे अनुयायी पुष्कळ.

फायरवॉल हा त्यांचा हुकमी एक्का, तेव्हा आधी तोच. २५ जानेवारी २००३ रोजी एसक्यूएल सर्व्हरवरच तुटून पडणारा स्लॅमर हा वर्म सुटला. अवघे ३७६ बाइट, यूडीपी १४३४ वर एकच पॅकेट, आणि तावडीत सापडण्याजोगी बहुतेक यंत्रे दहा मिनिटांत गारद. पॅच आदल्या जुलैतच आला होता. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राची फायरवॉल तो पोर्ट अडवतही होती. पण एका कंत्राटदाराची लाइन तिला वळसा घालून आतल्या जाळ्यात उतरत होती. वर्म तिथून शिरला आणि सुरक्षेची मापे दाखवणारी यंत्रणा सुमारे पाच तास आंधळी झाली. अणुभट्टी तेव्हा बंद होती, म्हणून निभावले. इतक्या लांब तरी कशाला जा? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले. चोरांनी एटीएम स्विचच्या जागी स्वतःचा प्रॉक्सी उभा केला आणि पैसे काढायला मंजुरी तोच देत राहिला. तिथे डेटाबेसचे प्रोटोकॉल दोषी होते असे मी म्हणत नाही. पण आतल्या जाळ्यात आपलीच यंत्रे बोलतात, हे पुण्यात बसून तरी कोणी सांगू नये.

पोर्ट हलवल्याचे कौतुकही ऐकावे. एसक्यूएल सर्व्हरची ब्राउझर सेवा चालू असेल तर ती विचारणाऱ्या कोणालाही नवा पोर्ट सांगते. घर लपवायचे आणि कोपऱ्यावर ‘जोशी इकडे राहतात’ अशी पाटी लावायची!

हात लावण्याबद्दल म्हणाल, तर पाहणे म्हणजे हात लावणे नव्हे. सर्वाधिकारी ‘एसए’ खात्याचा पासवर्ड कोरा ठेवण्याचीही अशीच शास्त्रोक्त कारणे एके काळी ऐकवली जात. मे २००२ मध्ये स्पायडा नावाचा वर्म नेमका त्या कोऱ्या पासवर्डांवर पोसला.

मग करायचे काय? फार नाही. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये शेअर्ड मेमरी, नेम्ड पाइप्स, टीसीपी/आयपी यांतले काय चालू आहे ते पाहा. मग चालू जोडण्यांच्या व्ह्यूमध्ये कोण, कुठून, कोणत्या प्रोटोकॉलने आलाय आणि एन्क्रिप्शन आहे का, ते पाहा. दोन्ही पाहा, कारण बदललेले सेटिंग सेवा रीस्टार्ट होईपर्यंत लागू होत नाही. ‘फोर्स एन्क्रिप्शन’ मुळात बंदच येते. क्लायंटने आग्रह धरला नाही तर पासवर्ड लॉगिनपुरता झाकला जातो, पुढचा डेटा उघडाच वाहतो. आणि नमुना एका दिवसाचा नको, महिनाभराचा घ्या. नाहीतर नेम्ड पाइप्स बंद कराल, महिनाअखेरीचा एखादा म्हातारा जॉब नेमका त्याच वाटेने येऊन आपटेल आणि सल्लागार महाशय ‘तरी मी सांगत होतो’ म्हणत दारात हजर होतील.